रक्ताच्या बाटलीतलं मीठ

आमच्या घरात गडीमानसं पन्नाशी बघत न्हवती. बाप बेचाळीसाव्या वर्सी गेला, थोरला चुलता त्याच्याबी आधी. दोगांचं एकसारखंच. आधी काईच न्हाई, गडी धडधाकट, बोकड खांद्यावर टाकून ओढा उतरनार. मंग एका सकाळी डोळ्याखाली फुगवटा. मंग पायाला सूज. मंग अन्न ठरंना, अंगाला खाज, आन् शेवटाला तोंडाला असा वास यायचा की बंद कोंडवाडा सकाळी उघडल्यावर येतो तसा. आमी म्हनायचो बाहेरचं लागलं. कोंबडं कापायचो, लिंबू उतरून टाकायचो. जानारा जायाचाच.

आमी हटकर धनगर. चारठान्याच्या शिवंला आमची वाडी. दोनशे मेंढरं, चाळीसेक शेळ्या. दिवाळी झाली की समदं घर मेंढरं घिऊन खाली गंगंकडं, गोदावरीच्या काठाला निगायचं. गंगाखेड, सोनपेठच्या काळ्या रानात मेंढरं बसवायची. रातभर मेंढरं शेतात बसली की लेंडीखत पडतं, शेतकरी जवारी देतो. उन्हाळा तिकडंच काडायचा. ह्या समद्याचा जिम्मा मपल्या थोरल्या भावावर, भुजंगदादावर. कोनत्या गावची हीर गोड, कोनता पाटील शब्दाचा पक्का, कुठं रान देनारा नंतर कुत्रं सोडतो, समदं त्याच्या डोक्यात. मला इचाराल तर मी नुसता मागं चालनारा.

साल कोनतं ते मला सांगता येत न्हाई. तिकडं मोठी लढाई चालू होती आन् घासलेट मिळत न्हवतं, येवढं ध्येनात हाय. दादा तवा एक्केचाळीसचा.

त्या साली भादव्यात एडक्यानं दादाच्या मांडीत ढुसनी मारली. जखम चिघळली. आमी दोगं लोकर घिऊन परभनीला गेल्तो, तर म्हन्लं दाखवून घ्यावं. तिथं बसवराज अप्पांचा दवाखाना होता. वानी समाजाचे, गळ्यात लिंग, कपाळाला भस्म. हैद्राबादला शिकून आल्ते. बोलता बोलता मधीच एखादा शब्द तिकडचा टाकायचे. त्यांना एक खोड होती. कोनी काटा मोडला म्हनून येवो का पोट दुखतं म्हनून येवो, ते आधी त्याच्या दंडाला कापड गुंडाळायचे, रबराचा गोळा दाबायचे आन् पेटीतला पारा चढतो कुठवर ते बगायचे.

दादाचं बगितलं. परत बगितलं. मंग दुसऱ्या हाताचं.

"डोकं दुखतं का?"

"न्हाई."

"चक्कर? धाप?"

"अप्पा, एडक्यानं मांडीत मारलंय. डोक्यात न्हाई."

अप्पा हासले न्हाईत. म्हन्ले, "दोनशे दहा. तुझ्या वयाला दीडशेच्या खाली पाहिजे. रक्ताचा जोर फार आहे. घरात कोणी सुजून मेलं का?"

मीच सांगितलं. बाप, चुलता, खाज, वास, समदं. अप्पांनी मान हालवली, जसं की त्यांनी दोगांना बगितलंच होतं.

मंग दादाला कुपीत लघवी करून आनाया लावली. काचच्या नळीत थोडी वतली, इस्पिरिटच्या दिव्यावर तापवली, वरून आंबट कसलंतरी दोन थेंब. दादा आन् मी वाकून बगायलो. अप्पा म्हन्ले, गुर्दे फाटले असतील तर ही दुधासारखी नासते. नासली न्हाई. जराशी धुकट झाल्यासारखी वाटली. उजेडाकडं धरली तर तेबी न्हाई.

"म्हंजी गुर्दे चांगले," दादा म्हन्ला.

"म्हणजे मला माहीत नाही. तुझा बाप गेला तसा माणूस आधी सहा-सात वर्षं आतून खराब होत असतो, वरून काही दिसत नाही. सूज येते तेव्हा हातातून गेलेलं असतं. त्याच्या आधी रक्त बोलतं. गुर्दे घाण बाहेर टाकायला कमी पडले की ती घाण रक्तात मागं राहते. ती मोजता येते. तिला युरिया म्हणतात."

आता युरिया म्हन्लं की लोकाला खताची गोनी दिसती. तवा आमाला ह्यो शब्द म्हंजी एखाद्या सायबाच्या बायकोचं नाव वाटलं.

अप्पा समजावून सांगायले की गुर्दा चाळनीसारखा आसतो, भोकं बारीक आसत्यात. मी म्हन्लं, "अप्पा, गुर्द्याचं मला नका सांगू. मपल्या हातनं हजार निगाले आसतील. फुडल्या बारीला एक आनतो, त्याच्यावर बोट ठिवून दाखवा कुठं खराब होतं ते."

अप्पांना वाटलं मी गंमत करायलोय.

ते म्हन्ले, रक्त हैद्राबादला पाठवावं लागतं, त्याला शिशा न्हाईत, लढाईमुळं माल येत न्हाई. तीन हप्त्यानं या. तवर परहेज. मीठ बंद. भाकरीत न्हाई, भाजी-कोरड्यासात न्हाई, चिमूटबी न्हाई. "आणि येताना बायकोला आण. जेवण ती करते, तू नाही."

घरी आल्यावर दादानं लोकराचं सांगितलं, मांडीचं सांगितलं, मिठाचं काईच न्हाई. मग मीच वैनीला सांगितलं. भिवराबाई तिचं नाव. वैनी जवारी पाखडायली होती. सूप तसंच धरून मपल्याकडं बगितलं.

"आळनी वाढू म्हन्ता?"

"म्या न्हाई म्हनत. डाक्टर म्हन्तोय."

आता हे सांगितलं पायजे. आमच्यात मानूस गेलं की त्या घरात चूल पेटत न्हाई. भावकीतून जेवन येतं, आन् ते आळनी आसतं. मीठ न्हाई, फोडनी न्हाई. दिवस घातल्यावरच मिठाला हात लावायचा. म्हनून आमच्या बाया चुकून कोरड्यासात मीठ इसरल्या तर ताट वाढायच्या आधी कानाला हात लावत्यात.

"सासऱ्याच्या दहा दिवसाला आळनी खाल्लं, चुलतसासऱ्याच्या खाल्लं," वैनी म्हन्ली. "आता जित्या नवऱ्याम्होरं ते ताट ठिवू? ह्या हातानं? जावा, त्या वान्याला म्हनावं तुपल्या आईला इचार."

दादा बाहेर घोंगडीवर बसून ऐकायलाच होता. आतमदी आला, लय खूश, मला म्हन्ला, "बग ग्यानबा. मपल्यावर माया कराया एकच मानूस हाय ह्या घरात."

त्या दिवशीच्या सांच्याला बेसन होतं, मिठाचं. दादानं दोन बार मागून घेतलं आन् मपल्याकडं बघत खाल्लं.

मंग तीन हप्ते तसेच गेले. मधी मधी दादा म्हनायचा, हे येसराचं कोरड्यास पांचट लागायलंय. वैनी म्हनायची, तुमच्या जिभंला चव ऱ्हायली न्हाई, तंबाकू कमी करा. एका दिवशी म्हन्ला, आंबाडीची भाजी रोज कामून? ती म्हन्ली, बांधावर फुकट उगवायली, तुमी दुसरं काई पेरलंय का. आंबाडी लय आंबट, त्यात ठेच्याची मिरची, त्यात लसून. तोंडातून धूर निगायचा. मी बी तेच खायचो. मला कुठं काय कळलं?

तीन हप्त्यानं आमी तिगं परभनीला गेलो. जिंतूरपस्तोर पायी, तिथून मोटार. मी म्हन्ल्याप्रमानं सकाळीच एक बोकड कापून त्याचा गुर्दा पळसाच्या पानात बांधून घेतल्ता. दुपारपस्तोर मोटारीत तापला. दवाखाना अप्पांच्या घराच्याच वसरीत होता आन् तिथं त्यांची आई बसायची, चन्नबसम्मा. आमी पायरीवर पाय ठिवला तशी म्हातारीनं नाकाला पदर लावला.

"काय आणलंस रे?"

"गुर्दा, अम्मा. अप्पांना दाखवायला."

बाबा, ती म्हातारी जी उठली. सत्तर वर्साची आसंल, पन मी पायरीवरून अंगनात कवा आलो ते मला कळलं न्हाई. कंपौंडर होता बन्सीधर म्हनून, चाळिशीचा, सुकलेला, सदा वैतागलेला. त्यानं ती पुडी काडीनं उचलून कुत्र्याला टाकली. मंग म्हातारीनं समदी वसरी धुवून घेतली, तवर अप्पा आतमदी बसून होते. मला वाटतं हासायले होते.

पारा बगितला. एकशे पंच्यान्नव.

अप्पांना बरं वाटलं. "परहेज केलंस भुजंगा."

"कसलं परहेज? घरात रोज मिठाचं खातो. इचारा हिला." दादा मांडी ठोकून हासला. "तुमचा पाराच खोटा हाय, अप्पा. म्या काईच केलं न्हाई आन् ह्यो उतरला."

वैनी खाली बघत बसल्ती. अप्पांनी तिच्याकडं बगितलं, मंग दादाकडं, मंग पेटीकडं. त्यांनी दोन शिशा काडल्या. एक मोठी, लघवीची. एक बोटायेवढी, निळ्या काचची, रक्ताची. दोन्हीवर कागद चिकटवून दादाचं नाव लिवलं. बन्सीधर एकदा नावाची अदलाबदल करून बसल्ता, तवापासून अप्पा नाव लिवलेल्या शिशा रोग्याच्याच हातात द्यायचे. "मोठी उद्या सकाळी भरून आणा. लहान तशीच आणा. उपाशीपोटी या, रक्त काढून दहाच्या गाडीला लावतो."

मंग दादा उटायच्या आधी म्हन्ला, आन् हे नीट ऐका, कारन समदं ह्याच्यावरच अडकलं. म्हन्ला, "अप्पा, तुमच्या पाऱ्यावर मपला इस्वास न्हाई. पन रक्त मी मानतो. जनावराचं बी रक्त बगूनच आमी वळखतो निरोगी हाय का न्हाई. तर मपल्या रक्तात घान निगाली तर तुमी म्हनसाल ते करीन, आळनी म्हना, उपाशी म्हना. न्हाई निगाली तर दिवाळीच्या पाडव्याला मेंढरं घिऊन निगतो, आन् फुडं ह्या दवाखान्याची पायरी चढत न्हाई. बोला."

"बिरोबाची आण?"

"बिरोबाची."

वैनीनं तवा मान वर केली. मला तिचं तोंड आठवतं. तिनं बापाचं बी केल्तं शेवटाचं. पायाची सूज, खाज, वास, समदं तिच्या हातावरून गेल्तं. दादा तवा मेंढरामागं होता, त्याला निरोप गेला तवा समदं झाल्तं.

आमी टेसनाजवळच्या धरमशाळंत उतरलो. मी आन् दादा लोकराच्या यापाऱ्याकडं जाऊन आलो, वैनी सामानाजवळ बसली.

सकाळी दवाखान्यात गेलो. बन्सीधरनं दादाच्या दंडाला रबर बांधलं, सुई घातली, काळं लाल रक्त वडून त्या निळ्या शिशीत सोडलं आन् बूच लावलं. दादा बगत होता. मोठी मोठी मेंढरं कापनारा गडी, सोताचं रक्त बगून थोडा पांढरा पडला.

वैनी पुढं झाली. "भाऊ," बन्सीधरला म्हन्ली, "हालवत ऱ्हावा बरं. काडी न्हाई घालता येत तर हातानं तरी हालवत ऱ्हावा."

"बाई, वीस वर्षं हेच करतोय. आता तुम्ही मला शिकवा."

तरी त्यानं दोन-चार डाव खालीवर केली. मंग शिशी बर्फाच्या डब्यात गेली आन् डबा टेसनावर.

आमी वाडीला आलो. दिवाळी आली. पाडवा आला. वाडीतल्या दुसऱ्यांचे कळप हालले. आमचे कुत्रे त्यांच्यामागं शिवंपस्तोर जाऊन वापस आले. जवळचं गवत समदं सपल्तं. मेंढरं देवळाच्या दगडातली हराळी कुरतडायली. दादा रोज सकाळी वरडायचा, कुठं हाय तुमचं रक्त. पाडव्याच्या पाचव्या दिवशी अप्पांचा निरोप आला जिंतूरच्या मोटारवाल्याकडं. तिगंबी या.

गेलो. ह्या बारीला काई सोबत नेलं न्हाई. चन्नबसम्मानं तरी मपल्या हाताकडं बगूनच आत सोडलं.

आधी पारा. एकशे अठ्ठ्याहत्तर. अप्पांनी कापड सोडलं आन् कपाळाला हात लावला. "भुजंगा, खरं सांग. काय खातोस?"

"मीठ," दादा म्हन्ला.

मंग अप्पांनी हैद्राबादचा कागद काडला. दोन ओळी होत्या. त्यांनी वाचून सांगितलं की लघवी मिळाली, पन रक्त पोचलं ते दगडावानी जमलेलं. त्याचं काई मोजता आलं न्हाई.

"जमलेलं?" दादानं इचारलं.

"गठ्ठा झालेलं."

दादा उठूनच उबा ऱ्हायला. मांडीवरची धूळ झटकली. असा खूश, जसं की कोनी त्याला एडका बक्षीस दिला. "मंग झालं की. रोगट जनावराचं रक्त पान्यावानी आसतं, वाहातच ऱ्हातं, जमत न्हाई. निरोगी जनावराचं भुईवर पडायच्या आत जमतं. मपलं हैद्राबादला जाईपस्तोर दगड झालं. आजून काय पायजे? ग्यानबा, ऊठ. उद्या पहाटं मेंढरं काडायची."

"अरे, तसं नाही," अप्पा म्हन्ले. "मोजलंच नाही त्यांनी. जमू नये म्हणून शिशीत औषध असतं..."

"तुमी म्हन्ला रक्त बोलंल. रक्त बोललं. मी शब्दाला पक्का हाय."

तो धोतर सावरून पायरीपस्तोर गेला बी. अप्पांना राग आला. पन दादावर काडता येईना, तर बन्सीधरवर काडला. मी अप्पांना तवा पैल्यांदा वरडताना ऐकलं. औषधाची भुकटी मी मपल्या हातानं घातल्ती, म्हन्ले. तरी जमलं म्हंजी तू हालवली न्हाईस, न्हाई तर तू दुसऱ्याच शिशीत वतलंस. वीस वर्सं झाली, अजून रक्त धरता येत न्हाई. ह्या मानसाचा बाप त्याच दुखन्यानं गेलाय आन् आता ह्यो चाल्ला, तुझ्यामुळं. उद्यापासून येऊ नको.

बन्सीधरनं खांद्यावरचं फडकं काडलं, घडी घालाया लागला.

"त्यांनी हालवली," वैनी म्हन्ली.

समदे तिच्याकडं बगायले.

"मी सांगितलं तवा हालवली त्यांनी. त्यांचा काई गुन्हा न्हाई. शिशी मी धुतली."

"कोणती शिशी?" अप्पा.

"निळी. धरमशाळंत. राखंनं घासली, ऊन पान्यानं धुतली, उन्हाला पालथी घातली. बुडाशी पांढरं होतं ते समदं काडलं."

अप्पा खुर्चीत बसले. "कामून?" म्हन्ले. पैल्यांदा आमच्यावानी बोलले.

"मीठ होतं ते."

"मीठ नव्हतं, बाई."

"मीठच. आमी बोकड कापला की खालच्या परातीत मीठ टाकतो आन् मंग रक्त धरतो. जमू ने म्हनून. त्याची रगती शिजवायला चांगलं पडतं. मी वळखलं. मला वाटलं, डाक्टर पुरुषमानूस, इसरला. ह्यांच्या तोंडात मीठ जाऊ द्यायचं न्हाई म्हन्तो आन् ह्यांच्याच रक्तात चिमूटभर टाकून ठिवतो. हैद्राबादचं यंतर ते मीठ धरनार आन् म्हननार ह्या मानसानं परहेज केलं न्हाई. म्हनून धुतली. काडीनं हालवलं तरी रक्त जमत न्हाई, ते मला ठावं हाय, म्हनून ह्यांना सांगितलं हालवत ऱ्हावा."

पायरीवरून दादा म्हन्ला, "परहेज? कोनी केलं परहेज?"

वैनीनं त्याच्याकडं न बगता अप्पांना सांगितलं. "तुमी सांगितल्याच्या दुसऱ्या दिवशीपासून मी रोज चिमटीतलं थोडं कमी केलं. रोज थोडं. ह्यांना कळू ने म्हनून आंबाडी आन् मिरची. पंधरा दिवसांत एका खड्यावर आनलं. समद्या घराच्या कोरड्यासात एक खडा, जवारीच्या दान्यायेवढा. त्याच्याखाली आनलं न्हाई. आननारबी न्हाई. एक खडा पडला की ते आळनी न्हाई. जित्या मानसाचं ताट हाय."

चन्नबसम्मा दारात उबी होती, तिनंच आधी तोंड उघडलं. "पोरी, मग तूही तेच खात होतीस?"

"मंग काय दोन चुली मांडू, अम्मा?"

मला तवा ध्येनात आलं की मीबी दीड म्हैना तेच खाल्लं. मपली बायको कोंडाबाई रोज म्हनायची की वैनीच्या हाताची चव गेली, म्हातारी झाली ती. ते मी तिथं सांगितलं न्हाई.

अप्पांनी त्या पाऱ्याच्या पेटीवर बोट ठिवलं. मंग हळू म्हन्ले, "दोनशे दहाचे एकशे अठ्ठ्याहत्तर. मागच्या वेळेपासून मी विचार करतोय, पारा उतरतो कसा." मंग बन्सीधरकडं वळले. "फडकं ठेव." बन्सीधरनं घडी घातलेलं फडकं उलगडून परत खांद्यावर टाकलं. माफी-बिफी काई न्हाई. तो मानूस पैल्यासारखा वैतागलेला दिसाया लागला, म्हंजी बरा झाला.

दादा पायरीवरच होता. एक पाय खाली, एक वर. मला वाटलं आता हा वैनीवर वरडनार. दीड म्हैना घरातल्या बाईनं फशिवलं म्हन्ल्यावर वाडीत तोंड दाखवायची सोय न्हाई. तो म्हन्ला, "तरी मी म्हन्तो आंबाडी रोज कामून."

"बांधावर फुकट उगवायली," वैनी म्हन्ली.

दादा वर आला. बसला. बाही दुमडली आन् दंड बन्सीधरच्या म्होरं केला. "काड. ह्या बारीला जमू देऊ नको. मपला शब्द हाय तसाच हाय. निगालं तर ऐकीन."

नवी शिशी अप्पांनी सोता भरली, आन् ती आमच्या हातात दिली न्हाई. कागदाची वाट बगत मेंढरं आजून आठ दिवस थांबली. हराळी बी सपली. शेवटाला मी एकटाच निम्मी मेंढरं घिऊन गंगाखेडकडं निगालो आन् दोन ठिकानी रस्ता चुकलो, ते दादानं मला मरंपस्तोर ऐकवलं.

कागद आला तवा वाटंवरच्या एका वळखीच्याजवळ मेंढरं ठिवून मीबी परभनीला पोचलो. अप्पांनी वाचून दाखवला. युरिया चाळीसच्या आत पायजे, दादाचा अठ्ठेचाळीस. अप्पा म्हन्ले, गुर्दे थकायला लागलेत, पन मोडले न्हाईत. बापाचा मरायच्या सहा-सात वर्सं आधी कोनी मोजला आसता तर येवढाच निगाला आसता. तवा मोजायचं कोनाला ठावं न्हवतं. आता ह्याच्यावर औषध काई न्हाई. मीठ न्हाई, तंबाकू न्हाई, उन्हात वझं न्हाई, आन् सहा म्हैन्यानं परत रक्त.

दादानं कागद हातात घेतला. त्याला वाचाया येत न्हवतं, मलाबी न्हाई. त्यानं तो अठ्ठेचाळीसचा आकडा कुठं हाय ते इचारलं आन् त्याच्यावर बोट ठिवून बगितला. "आठ जास्ती," म्हन्ला. "दोनशे मेंढरात आठ लंगडी आसली तर कळप चालतो. संभाळून चालावं लागतं."

येवढंच. तंबाकूची चंची तिथंच बन्सीधरला देऊन टाकली. तंबाकू मात्र दादानं दोनदा परत सुरू केली, ती मी बगितली, वैनीनं न्हाई.

आमी उशिरा निगालो त्या साली. चांगली रानं दुसऱ्यांनी धरल्ती. सोनपेठच्या अलीकडं एका शेतकऱ्याकडं मुक्काम पडला, त्याच्या घरचं जेवन आलं, खारट वरन. दादानं ताटावर हात आडवा धरला. शेतकरी म्हन्ला, कामून हो, आमच्या घरचं चालत न्हाई का? दादा म्हन्ला, "चालतं. पन मपल्या रक्तात आठ जास्ती हायेत." त्या बिचाऱ्याला काय कळनार? त्याला वाटलं ह्याचं शिवाशिवीचं काईतरी हाय. वैनीनं मंग पदराच्या गाठीतून एक खडा काडला, आपल्या भाकरीच्या तव्यावर आंबाडी परतली आन् तो खडा त्यात टाकला.

पोलिसांची फौज आली, निजाम गेला, त्या साली दादा बाप गेल्ता त्याच्याफुडं बरीच वर्सं चालून आल्ता. पायाला सूज न्हाई. डोळ्याखाली फुगवटा न्हाई. वाडीतली मानसं म्हनायची त्याचं बाहेरचं उतरलं. उतरलं कसलं. सहा-सहा म्हैन्याला आमी परभनीला जायचो. सेहेचाळीस निगायचं, पन्नास निगायचं, एकदा पंचेचाळीस निगालं तर दादानं मोटारीत समद्यांना सांगितलं.

दर बारीला वैनी संगं यायची. आन् दर बारीला बन्सीधर शिशी तिच्या म्होरं धरायचा, कागदाच्या पुडीतली पांढरी भुकटी तिला दाखवायचा, मंग शिशीत टाकायचा.

"बघा, वैनी. हे मीठ नाही."

"चाखून दाखवा."

"जहर आहे. चाखलं तर मरेन."

"मंग जहर मपल्या नवऱ्याच्या रक्तात कामून टाकता?"

"रक्त अंगातून बाहेर आल्यावर टाकतो, वैनी. बाहेर."

"मीठ टाकलं आसतं तरी बाहेरच पडलं आसतं की."

बन्सीधर बूच लावायचा. "हालवत ऱ्हावा," वैनी म्हनायची. आन् तो वीस वर्सं मुरलेला कंपौंडर, तोंड वाकडं करून, गाडीचा टाइम होईपस्तोर ती शिशी हातात धरून खालीवर, खालीवर करत उबा ऱ्हायचा.